डब्यातला मोबाईल

दुधरामची सगळी मस्ती त्या सकाळी उतरली. जुना मोबाईल स्टार्टरच्या डब्यात बसवून त्यानं घरीच सर्किट केलं होतं. मोबाईल वाजला की शेतातली मोटर सुरू. साळा, म्हणजे बायकोचा भाऊ हिमांशु मोटरीजवळ गेला की हा धुऱ्याच्या बांधाआड लपून मिसकॉल द्यायचा आणि "भूत, भूत" ओरडायचा.

पण आज मोटर दोनदा आपोआप सुरू झाली होती. दुधरामचा फोन तर त्याच्या खिशातच! त्यानं डबा उघडला, वायरींच्या जोडाचा एकेक टाका तपासला, वायरी हलवून पाहिल्या. दोष काही सापडेना.

मागं हिमांशु पंप खोलून पंख्यात अडकलेला कचरा काढत होता.

"मेन स्विच पाडला का रे?" दुधरामनं विचारलं.

"कायले? तुमीच तं म्हणता, तुमच्या फोनाबिगर हे हालत नाही."

तेवढ्यात डब्यातला मोबाईल उजळला. दुधराम ओरडला, "हात काढ! हिमांशु, हात काढ!"

"लय फसवलं भाऊजी. आता नाही भेत मी." हसत हसत त्यानं हात आणखीच आत घातला.

दुधरामनं झेप घेऊन मेन स्विच खाली ओढला. तेव्हाच घंटी वाजली. मोटर गप्प राहिली.

त्यानं डब्यातला फोन उचलला.

"आवडीचं गाणं लावण्यासाठी एक दाबा," बाई गोड आवाजात म्हणाली.

या नंबरावर दुसरं कोणी फोन करंल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हिमांशुनं हळूच हात बाहेर काढला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "कोन होय, भाऊजी?"

आज दुधरामच्या तोंडून भूत निघेना. "कंपनीवाली," म्हणत तो धुऱ्यावर मटकन बसला.