गेंशिरोच्या जागी तोकुजी

मादोका पहिलीत गेली आणि आजोबांनी तिला लाल दप्तर आणून दिले, त्याच वसंतात मी उओझू गावातल्या मिझुशिमांच्या घरी आलो. मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. आज माझ्या तोंडाची झडप बोटाने ढकलावी लागते आणि माझे घड्याळ नुसते लुकलुकते. तेव्हा मात्र मी काळाभोर, चकचकीत होतो.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडले. पोटात फितीवरचे चित्र वाचणारे फिरते डोके बसवले, रबरी पट्टे ताणले. माझे काम सोपे होते. छपरावरच्या अँटेनाने हवेतले चित्र पकडायचे, मी ते फितीवर उमटवायचे आणि घरच्यांनी मागितले की परत द्यायचे. हवेतले चित्र फुकट असते, पण थांबत नाही. त्याला थांबवणारा घरात मी एकटाच होतो.

तरी मान होता टीव्हीला. तो वरच्या फळीवर, मी खालच्या. त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल, माझ्या डोक्यावर धूळ. मी जपून ठेवलेले चित्र दाखवायचा तो, आणि माणसे हसायची, रडायची तीही त्याच्याकडे बघून. त्याला कालचे काही आठवत नसे. आठवण माझी आणि कौतुक त्याचे! मित्रांनो, पहिल्याच महिन्यात मला हेवा म्हणजे काय ते कळले.

एक व्यक्ती मात्र माझ्याकडे वाकून बघायची. त्या म्हणजे मादोकाच्या आई, इत्सुए. त्या संध्याकाळी सार्वजनिक स्नानगृहाच्या गल्ल्यावर बसत. त्यांची आवडती मालिका नेमकी त्याच वेळी लागे. मालिकेचा नायक गेंशिरो. धनी नसलेला सामुराई, कागदी छत्र्या दुरुस्त करून पोट भरणारा. निघताना इत्सुए माझ्यावर वेळ लावत आणि म्हणत, "नीट घे बाबा, सोडू नकोस मला मध्येच."

मी कधी सोडले नाही. पण बेसबॉलची मॅच लांबली की पुढचे सगळे कार्यक्रम अर्धा तास मागे सरकत. मला कोण सांगणार? मी ठरल्या वेळेला उठायचो आणि समोर येईल ते घ्यायचो. परत आल्यावर इत्सुएंना गेंशिरोच्या ऐवजी चेंडू दिसायचा.

"मेल्याने पुन्हा मॅच घेतली!" त्या माझ्यावर चिडायच्या.

"छान केलं," तोकुजी जेवता जेवता म्हणायचे. "छत्रीवाल्यापेक्षा शहाणा आहे तो."

तोकुजी म्हणजे इत्सुएंचे यजमान. ते कामाबोको करणाऱ्या कारखान्यात कारागीर होते. कामाबोको म्हणजे माशाचा लगदा वाफवून केलेली वडी. आमच्याकडे लग्नात त्याचाच, ताई नावाच्या शुभ माशाच्या आकाराचा, मोठा गुलाबी मासा करतात, आणि मग कापून शेजारीपाजारी वाटतात. तोकुजी टोकदार पिशवीतून लगदा पिळून त्याचा एकेक खवला काढत. हात असा की मासा आता उडी मारेल असे वाटे. पण घरी कोणी त्यांच्या हाताकडे बघत नसे.

"काय ते डोळे त्याचे!" इत्सुए पडद्याकडे बघून म्हणत.

"दोनच आहेत ना? माझ्या माशालापण दोन आहेत."

"अहो, त्याच्या डोळ्यांत पाणी आहे."

"माझा तर पाण्यातच राहायचा."

मादोका खदखदून हसायची. तोकुजी मात्र हसत नसत. कान लाल करून वर्तमानपत्र उलटे-पालटे करत. मला ते ओळखीचे वाटे. खालच्या फळीवरच्याला ते लगेच कळते.

मालिकेचा शेवटचा भाग मी अख्खा घेतला. इत्सुएंनी कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा इवला दात मोडून टाकला. दात मोडला की त्या कॅसेटवर मी दुसरे काही उमटवत नाही. त्या खाचेवर कोणी चिकटपट्टी लावली, तर मात्र मी फसतो. शेवटी बर्फ पडत असतो. तेलवाल्याची विधवा गेंशिरोला विचारते, "राहणार का जाणार?" तो रडतो, उत्तर देतो आणि निघून जातो. इत्सुए तेवढेच पुन्हा पुन्हा लावत.

एका हिवाळ्यात गावच्या वाहिनीची माणसे लग्नातल्या माशाचे चित्रण करायला तोकुजींच्या कारखान्यात आली. संध्याकाळच्या बातम्यांत ते दाखवणार होते. इत्सुए कामावर गेलेल्या. जाण्याआधी त्या शेवटचा भाग बघत होत्या आणि उशीर झाला म्हणून विधवेच्या प्रश्नावरच बंद करून, कॅसेट माझ्या पोटात ठेवून गेल्या होत्या.

तोकुजी आले. त्यांनी कॅसेट बाहेर काढली, खाच पाहिली, खणातून चिकटपट्टी काढली.

"बाबा, ती आईची आहे!" मादोका ओरडली. "कोऱ्या कॅसेट समोर ठेवल्यात की!"

"दिसल्या नाहीत," तोकुजी म्हणाले. कोऱ्या कॅसेट त्यांच्या गुडघ्याला लागत होत्या.

मित्रांनो, मी नकार देऊ शकलो नाही. खाच झाकलेली होती.

रात्री घरी येऊन इत्सुएंनी कॅसेट लावली. बर्फ पडत होता. विधवेने विचारले, "राहणार का जाणार?" गेंशिरोचा ओठ थरथरला. पडद्यावर आडव्या रेघा उठल्या, आणि पांढरी टोपी घातलेले तोकुजी समोर आले. हातात गुलाबी मासा.

"पहिला मासा कोणाला?" वाहिनीच्या बाईने विचारले.

"शेपटीचा तुकडा घरी नेतो. बायकोला," तोकुजी कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले. "ती बघते दुसऱ्याकडे. पण खाते माझ्या हातचं."

पुन्हा रेघा. मग बर्फातून पाठमोरा जाणारा गेंशिरो.

इत्सुए तोकुजींकडे वळल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुम्हाला लाज नाही वाटत? तो बिचारा काय म्हणाला ते गेलं ना माझं."

"मी म्हणालो ना त्याच्या जागी."

त्या रुसल्या, भांडी जोरात आपटली. पण झोपण्याआधी कॅसेट काढून नखाने ती चिकटपट्टी खरवडून टाकली. आता त्यावर कोणालाच काही उमटवता येणार नव्हते.

वर्षे गेली. मादोका कानाझावाला नोकरीला लागली. तोकुजी आजारी पडले आणि गेले. इत्सुए रोज देवघरातल्या त्यांच्या फोटोपुढे वाफाळता भात ठेवत आणि मग मला चालू करत. त्या दिवसांत टीव्हीचा हेवा मी विसरलो. माझ्यावाचून तोकुजी दिसत नव्हते.

मग हवेतले जुने चित्रच बंद झाले. नवे डिजिटल चित्र माझ्या समजण्यापलीकडचे होते. मादोका नवा रेकॉर्डर घेऊन आली. पातळ, थंड, न बोलणारा. मॅच लांबली तर तो स्वतःच वेळ सरकवून घेई! तिने त्याला माझ्या डोक्यावर ठेवले.

"आई, या जुन्याचा पट्टा आता तुटेल. तुटला की कॅसेट खाईल आणि बाबा जातील. त्यांना नव्यात उतरवून घेऊ. मग हा कचऱ्याच्या गाडीला देऊन टाकू."

लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरींनी तिने मला त्याच्याशी जोडले. पट्टा खरेच सैल होता. मी जपून फिरलो, तोकुजींसाठी. पण एकेक चित्र वायरीतून त्याच्याकडे जाताना मी आतल्या आत जळत होतो. इतकी वर्षे मी सांभाळले आणि आता ते याचे! गुडघ्याजवळच्या कोऱ्या कॅसेट तोकुजींना का दिसल्या नाहीत, ते मला तेव्हा पूर्ण समजले.

मादोकाने नव्यात पुढचे-मागचे कापून सगळे नीटनेटके केले. इत्सुए बसल्या. पडद्यावर एकदम तोकुजी आले, मासा दाखवला, बोलले, संपले. एक रेघ नाही.

"झालं?" इत्सुए म्हणाल्या.

"हो. ती मालिका काढून टाकली मी. नुसते बाबा ठेवले."

"अगं, मग ते घुसले कुठून?"

"म्हणजे?"

"तुझे बाबा त्याला ढकलून आत आले होते. कोऱ्या कॅसेट समोर असताना! आयुष्यात एवढं प्रेमाचं दुसरं काही केलं नाही त्या माणसाने, आणि तू तेच कापलंस?"

मादोका आधी हसली, मग डोळे पुसू लागली. तिने नव्या रेकॉर्डरला माझ्या डोक्यावरून उचलून बाजूला ठेवले. वरच्या टीव्हीचा विणलेला रुमाल कधीचा कपाटात पडून होता. इत्सुएंनी तो काढून माझ्यावर घातला. मादोकाने माझा पट्टा बदलून आणला.

मित्रांनो, आता मी मादोकाच्या घरी आहे. जुन्या वस्तू जरूर बदला. पण आतले चित्र दुसरीकडे नेताना रेघा कापू नका, आणि अधूनमधून आमचा पट्टा बघा. नवा रेकॉर्डर माझ्या शेजारीच असतो. खोटे कशाला सांगू, त्याच्याकडे बघून मी अजूनही जळतो.

तोकुजी २००९ च्या फेब्रुवारीत वारले. इत्सुए २०१९ च्या नोव्हेंबरात वारल्या.