गोळीनंतरचा चहा

सरकारने नवी गोळी आणली आणि नर्सबाईंच्या पायाला भिंगरी लागली. आधी गरोदर बायकांना नुसती लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळायची. आता लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बाकीची जीवनसत्त्वं एकाच गोळीत, तीही दारोदार पोचवायची. बघता बघता वस्तीतल्या बायकांचं रक्त वाढलं. वाढेना ते फक्त नर्सबाईंच्या स्वतःच्या घरातल्या गरोदर वहिनीचं, आणि मागच्या बाळंतपणात तीच मरणाच्या दारातून परत आली होती.

"गोळ्या फेकून देता ना?" नर्सबाईंनी काल सरळच विचारलं. वहिनी नाही म्हणाली. बाईंना कुठला धीर? त्यांनी उशीखाली चाचपलं, कुंड्या उकरल्या आणि शेवटी लहान पोराला लावावं तसं वहिनीला तोंड उघडायला लावलं. जीभही वर करायला लावली. वहिनीने ती निमूटपणे वर केली.

आज पुन्हा वहिनीचं रक्त तपासलं. आकडा जागचा हलला नव्हता. दवाखान्यात बाईंचं चित्त थाऱ्यावर राहीना. धुतलेले हात त्यांनी पुन्हा धुतले, एकीचं वजन दुसरीच्या नावावर लिहिलं आणि दुपारीच रजा टाकून घर गाठलं.

स्वयंपाकघरात वहिनीच्या तळहातावर गोळी होती आणि आई तिच्यापुढे वाफाळता चहा धरून उभी होती. सुनेशी वर्षानुवर्षं कामापुरतं बोलणारी आई.

"घे गं, तोंड कडू व्हायचं नाही."

"वहिनी, रोज चहाबरोबर घेता?"

"हो. जेवल्यावर घ्या म्हणालात ना वन्सं? जेवण झालं की आई चहा करतात माझ्यासाठी."

चहाबरोबर गोळी नको, हे नर्सबाईंनी घरोघरी घसा कोरडा करून सांगितलं होतं. आपल्या घरात सांगायचं राहूनच गेलं होतं.

"आई, चहाने गोळीतलं लोह अंगी लागत नाही."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच हिला..."

"तुम्ही मायेनेच देत होतात," वहिनी म्हणाली. तिने कपावर बशी झाकली. "दोन तासांनी गरम करू. दोघी घेऊ."

तिने पाण्याबरोबर गोळी गिळली. मग नणंदेकडे वळून, कोणी न सांगता, तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

नर्सबाईंना तिच्याकडे बघवलं नाही.