रघू आऊट

आमचा रघुवीर, म्हणजे माझा नवरा, पांढऱ्या पायाचा आहे, असं मी आधी गमतीत म्हटलं होतं. साकेत तेव्हा अकरा वर्षांचा. आइस हॉकीत गोलकीपर. रघू ऑफिसमधून धापा टाकत रिंकवर आला, बसला, आणि पाच मिनिटांत पोराने तीन गोल खाल्ले. मी म्हटलं, "ऊठ बाबा, तू आलास की संपलंच." सगळे हसले, रघूसुद्धा. साकेत तेवढा हसला नाही.

तेव्हापासून रघू मॅच बघत नाही. पहाटे पाचला उठून पोराला प्रॅक्टिसला नेणं त्याचं, स्केट्सच्या नाड्या आवळणं त्याचं, ते घामट पॅड वाळत घालणं त्याचं. मॅच सुरू झाली की स्वारी बाहेर, गाडीत. आणि तरीही हरलो तर मी म्हणायचे, याने फोनवर स्कोअर बघितला असणार. खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचं होतं. राग काढायला माणूस तयार असायचा.

साकेत कार्डिफला युनिव्हर्सिटीत गेला आणि यंदा, शेवटच्या वर्षी, त्यांची टीम प्लेऑफच्या फायनलला पोचली. तीन रविवार, तीन मॅच, दोन जिंकेल तो चॅम्पियन. पहिल्या मॅचला रघू म्हणाला, "शेवटचं वर्ष आहे गं, बसतो ना." बसला. चार-दोनने हरलो. मी तिथेच, सगळ्यांदेखत, इंग्लिशमध्ये याची पूर्ण कुंडली सांगितली. स्टँडमधली कॉलेजची पोरं खूश! दुसऱ्या रविवारी त्यांनी कार्डबोर्डवर लिहूनच आणलं, "रघू आऊट". हा पार्किंगमध्ये बसला, आम्ही तीन-एकने जिंकलो.

तिसऱ्या रविवारी मेडनहेडच्या घरून निघताना त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत सेव्हर्न ब्रिजवर मला म्हणाला, "एकच पीरियड बघू दे, वीस मिनिटं. यानंतर तो नोकरीला लागेल, कुठे खेळणार? मी त्याला मोठा झाल्यावर खेळताना धड बघितलंच नाहीये."

"जिंकल्यावर व्हिडिओ बघ," मी म्हटलं.

शेवटच्या पीरियडची दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही दोन-एकने पुढे होतो. दार उघडलं आणि रघू आत आला, हातात माझ्यासाठी चहा. "थंडी आहे म्हणून आणला," म्हणाला, पण डोळे बर्फावर. नेमका तेव्हाच गोल झाला. दोन-दोन.

मग काय, सगळा स्टँड उठला. रघू आऊट! रघू आऊट! मीही ओरडले, सगळ्यांत मोठ्याने. आणि तिकडे साकेतने मास्क वर केला, काठी उचलली आणि बापाला दार दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रघूने चहा पायरीवर ठेवला, माझ्याकडे बघून उगाच हसला आणि गेला. मी बर्फाकडे वळले. ओव्हरटाइम सुरू होत होता, पहिला गोल करेल तो जिंकला.

सातव्या मिनिटाला पक, ती रबरी चकती, साकेतच्या दोन पायांमधून आत गेली. साधा शॉट होता. शेंबड्या पोराने अडवला असता. मी दाराकडे वळून बघितलं. दार बंद होतं. दाराच्या काचेपलीकडे, लांब, रघू गाडीजवळ पाठमोरा उभा होता.

तासाभराने साकेत बाहेर आला; सुट्टीला आमच्याबरोबरच घरी येणार होता. डोळे सुजलेले. बॅग ओढत गाडीपर्यंत आला आणि मला विचारलं, "मम, बाबा परत आत आला होता?"

त्याला एवढंच ऐकायचं होतं. मला दिसत होतं ना. नाहीतर तो गोल त्याचा होता, आणि जन्मभर त्याचाच राहिला असता.

"हो," मी म्हटलं.

रघू डिकी उघडून मागेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल ना मेल्या, एकदा तरी बोल.

"हो रे," तो साकेतला म्हणाला. "राहवलं नाही. दारातून बघत होतो. सॉरी."

"Every bloody time," साकेत म्हणाला. बॅग आत फेकली. मग म्हणाला, "तू नको ड्राइव्ह करू. मम करेल."

शाळेची सगळी वर्षं पहाटे पाचला याला घेऊन जाणाऱ्या माणसाने किल्ली माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. साकेत पुढे, माझ्या शेजारी.

खरं सांगायला घरापर्यंत दोन तासांचा रस्ता होता. मी रेडिओ लावला.