उजवीकडची उडी

होरिया टमाशने फळ्यावरची गोलकीपर काटालिनच्या नावाची चकती काढली आणि खणात टाकून खण बंद केला.

"रविवारी गोलात दुसरा उभा राहील. आणि काटालिनने आजच सामान आवरावं."

गोलकीपरांचा प्रशिक्षक ग्रिगोरे व्लाशिन खिडकीपाशी सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता. त्याचा हात थांबला.

"चौकशी तरी कर."

"चौकशी कसली? कालच्यासारखा सोपा चेंडू कुणाच्या हातून सुटतो का? मुद्दाम सोडलेला गोल मला एका नजरेत कळतो, ग्रिगोरे. चाळीस वर्षं गेली ह्यात."

ती चाळीस वर्षं खाणींच्या त्या दरीतल्या सगळ्यांना पाठ होती. शहाऐंशी साली मोसमाच्या अखेरच्या सामन्यात, खेळ संपता संपता पेनल्टी मिळाली. बावीस वर्षांच्या होरियाने ती मारली आणि खाणकामगारांचा संघ पहिल्या श्रेणीत टिकला. त्या एका गोलावर राष्ट्रीय संघाने त्याला बोलावलं. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर स्पेनमधल्या एका क्लबने नेलं. पुढे सात संघ सांभाळून तो मॅनेजर म्हणून इथे परतला, तेव्हा खाणी बंद पडलेल्या त्या गावाने त्याच्यासाठी बँड लावला होता. शहाऐंशीत समोरच्या गोलात ग्रिगोरेच होता. तो उजवीकडे झेपावला, चेंडू डावीकडून गेला. त्याच ग्रिगोरेला होरियाने आपल्याकडे कामाला घेतलं, ह्याचंही लोकांना कौतुक होतं.

ग्रिगोरेने मुठीतली टरफलं डब्यात झटकली.

"तू माझ्या डावीकडे मारणार, हे मला तुझ्या धावण्यावरूनच कळलं होतं."

होरिया हसला. "मग उजवीकडे कशाला उडी मारलीस, गाढवा?"

ग्रिगोरे हसला नाही.

"तसं सांगितलं होतं म्हणून. आम्हाला त्या सामन्यात ना काही मिळवायचं होतं ना गमवायचं. वरून निरोप आला, खाणवाले खालच्या श्रेणीत जाता कामा नयेत. पेनल्टीसुद्धा ठरलेली होती."

खाली मैदानावर कुणीतरी शिट्टी फुंकली. होरियाने खुर्चीची पाठ धरली, पण बसायचं त्याला सुचलं नाही.

"आमच्यात कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. तुला सोडून."

"मलाच का नाही?"

"तुमचे तेव्हाचे कोच म्हणाले, पोरगा सरळ आहे, त्याला नाटक जमायचं नाही. कळलं तर चेंडू आभाळात मारेल."

दरवर्षी त्या तारखेला त्या संघातले सगळे जमायचे. आलुबुखाराच्या दारूचे ग्लास उंचावून त्याच्या गोलाच्या नावाने ओरडायचे, त्याला मिठ्या मारायचे. त्यातल्या दोघांच्या शवपेट्यांना त्याने स्वतः खांदा दिला होता. होरियाला एकेकाचा चेहरा आठवत होता आणि एकातही त्याला काही सापडत नव्हतं.

"इतकी वर्षं..." होरिया म्हणाला.

"तुला काय सांगणार होतो? आजही तोंड उघडलं नसतं. पण कालपासून काटालिन जेवलेला नाही. आणि तू म्हणतोस, एका नजरेत कळतं." ग्रिगोरे खाली बघत म्हणाला, "पेनल्टी मारताना माझ्यापासून अकरा मीटरवर उभा होतास, होरिया."

होरिया जिना उतरला तेव्हा त्याचा एक हात भिंतीला लागलेला होता. कपडे बदलायच्या खोलीत काटालिन बॅगेची चेन ओढत बसला होता. त्याला बघून तो उठला.

"कोच, आईशप्पथ सांगतो. डोळ्यांवर ऊन आलं."

"रविवारी तू खेळणार आहेस."

"म्हणजे... तुम्हाला पटलं?"

होरिया त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. सुजलेले डोळे, चावून चावून फुटलेला ओठ. बराच वेळ बघितलं त्याने.

"मला नाही कळत," तो म्हणाला. "हातमोजे घाल. चल बाहेर."