उन्हाळ्यातलं डिझेल

जुनं आधी संपवायचं, हे मैत्रीच्या घरचं वळण होतं. तांदूळ असो की तेल, जुना डबा रिकामा झाल्याशिवाय नव्याला हात लागत नसे. जर्मनीत, बॉनच्या इन्स्टिट्यूटमध्येही तिनं तेच केलं. जानेवारीत पारा उणे सतरावर गेला आणि नेमकं काचघराचं हीटिंग बंद पडलं. तीन वर्षांच्या पीएचडीची छत्तीस रोपं तातडीनं शहराबाहेरच्या दुसऱ्या काचघरात हलवायला हवी होती. इन्स्टिट्यूटच्या पिकअपची टाकी जवळजवळ रिकामी होती. तिनं शेडमधला ऑगस्टपासून पडून असलेला डिझेलचा कॅन टाकीत ओतला. हिवाळ्यात पंपावर वेगळं डिझेल मिळतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारण्याइतकी सवड बाईसाहेबांना कुठली!

रोपं केबिनमध्ये दाटीवाटीनं बसवून ती निघाली. गेटपाशी इंजिनानं दोन आचके दिले आणि मान टाकली. केबिनमधली ऊब ओसरू लागली. पानांवर हिम धरलं की तीन वर्षं मातीत जाणार होती. तिनं वर्कशॉपमधल्या सुदामदादांना फोन लावला. मूळचे परभणीचे दादा बारा वर्षं इथं मेकॅनिक होते. ते ट्रॅक्टर घेऊनच आले.

गावाकडचे ट्रकवाले करतात तसं थोडं रॉकेल घालू का, असं तिनं विचारलं. दादांनी चक्क हात जोडले. असल्या प्रयोगानं या इंजिनाचा पंप बसेल, म्हणाले.

"थंडीत खोबरेल थिजतं ना, तसं डिझेलमधलं मेण थिजलंय. ऊब मिळाली की वितळेल. चल, आत घेऊ."

रोपांसकट पिकअप ओढत वर्कशॉपच्या उबेत आली. मैत्रीनं एकेक पान चाचपलं. छत्तीसच्या छत्तीस धडधाकट होती. दोन तासांनी, फिल्टर बदलल्यावर, इंजिनही सुरू झालं. आता थेट पंपावर जाऊन हिवाळ्यातलं डिझेल भर, असं दादांनी बजावलं. ती केबिनचं दार लावू लागली.

"आल्झो," दादांनी सवयीनं जर्मन 'बरं का' लावलं, "हीटिंगवाला उद्या येतोय ना? मग तोवर रोपं इथंच खिडकीशी ठेव की."

मैत्री थबकली. हे एवढं साधं कुणालाच सुचलं नव्हतं. गाडी गेटऐवजी ऑटोबानवर, भर हायवेवर बंद पडली असती तर? ती तिथंच स्टुलावर बसली आणि सुटल्यासारखी रडली.

दादांनी रोपांचा पहिला ट्रे उचलून खिडकीशी नेला.