पुढच्या रविवारसाठी

इलारिओच्या वाढदिवसाचं जेवण उरकलं होतं. चाराकातो गावातल्या खानावळीच्या अंगणात चिचाचे, मक्याच्या दारूचे, मोठाले ग्लास आडवे पडले होते, बिअरच्या रिकाम्या बाटल्या भिंतीशी जमल्या होत्या आणि मिस्ती डोंगराच्या माथ्यावरचं ऊन उतरायला लागलं होतं. आता अरेकिपा शहरात, आपापल्या घरी परतायचं. गाडी कोण चालवणार, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आपल्याकडे तो कुणाला पडतच नाही, आणि खरं दुखणं तेच आहे!

इलारिओ उठला, खुर्चीची पाठ धरून जरा डुलला आणि आपल्या पांढऱ्या पिकअपकडे निघाला. त्याच्यामागून त्याची बायको एदुविहेस, मित्र रोमुलो, रोमुलोची बायको नेलिदा आणि त्यांची मुलगी ब्रिसा, अशी वरात निघाली. नेलिदाची शेजारीण दोन्या तेओ मात्र जागची हलली नाही.

"चला की दोन्या तेओ," इलारिओ ओरडला. "पुढं बसवतो तुम्हाला, राणीसारखं."

"तू प्यायला आहेस, बाबा."

"प्यायलोय म्हणून तर नीट चालवतो! दोन घोट पोटात गेल्याशिवाय मला रस्ता सरळ दिसतच नाही."

सगळे खो खो हसले. नेलिदाही हसली.

"सगळी नोकरी अपघाताच्या वॉर्डात काढली मी," दोन्या तेओ म्हणाली. "स्ट्रेचरवरून येणारा प्रत्येक जण हेच सांगायचा. जा तुम्ही. मी चालत येते." आणि साठी उलटलेली ती बाई खरोखरच चालत निघाली.

"म्हातारीला मरणाची भीती," एदुविहेस पुटपुटली. पिकअप सुटली. त्या दिवशी सगळे सुखरूप पोचले. अशा माणसांकडे दाखवायला एवढाच एक पुरावा असतो: आजवर काही झालं नाही!

इलारिओ वाईट माणूस होता असं कुणी समजू नये. त्याची बांधकामाच्या सामानाची वखार होती. रोमुलोचं काम सुटलं तेव्हा त्यानंच त्याला वखारीत ठेवून घेतलं. ब्रिसाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तोच उभा राहिला. तेव्हापासून रोमुलो त्याचा कोंपाद्रे आणि नेलिदा कोमाद्रे. सख्खा भाऊ एकदा तुटेल, पण हे नातं तुटायचं नाही, असं आपण मानतो.

नेलिदा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. तिची आई साखरेच्या आजारानं अंथरुणाला खिळून गेली होती. वर्षापूर्वी डॉक्टरांनी नेलिदालाही सांगितलं, "तुमचीही वाट तीच आहे." ती रडत दोन्या तेओच्या दारात गेली. दोन्या तेओ आयुष्यात बऱ्याच मॅरेथॉन धावली होती. ती म्हणाली, "रडतेस काय? बूट घे."

सुरुवातीला कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत जाईतो नेलिदाच्या छातीचा भाता व्हायचा. दोन्या तेओ शेजारून धावत बडबडत राहायची. "बोलता येईल इतक्याच वेगानं धाव, पोरी. बोलता येईना, तर समज की तू धावत नाहीस, पळ काढते आहेस." हळूहळू चर्च मागं पडलं, मग पूल, मग सगळं शहरच. लिमाच्या मॅरेथॉनला दोघींनी नाव घातलं.

घरात थट्टा चालायचीच. "कुणाचं काय चोरून आणलंस गं, एवढी पळतेस ती?" रोमुलो विचारायचा. पण साखर उतरली तेव्हा शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत फिरला तोच.

लांब पल्ल्याची धाव रविवारी पहाटे असायची. रस्ते तेव्हा मोकळे असतात. नसतात ते फक्त शनिवारच्या मेजवानीतून उठून अदोबो, म्हणजे डुकराच्या मटणाचा रस्सा, खायला निघालेल्या मंडळींमुळे. रात्रभर पिऊन झाल्यावर पहाटे गरम अदोबो आणि वर बडीशेपेची दारू घातलेला चहा, ही आपली जुनी रीत. वाढदिवसानंतरच्या एका शनिवारी रोमुलोही इलारिओबरोबर फुटबॉलच्या मित्रांकडे गेला होता, तो परतला नव्हता. नेलिदाला त्यात नवल वाटलं नाही.

उजाडत होतं. साबांदियाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लसूणघासाचे हिरवे वाफे, कडेनं पाण्याचा पाट. दोघी रस्त्याच्या अगदी कडेनं धावत होत्या. दोन्या तेओ पुढं होती आणि लिमाला पोचल्यावर मासे कुठं खायचे ते सांगत होती. मागून इंजिनाचा आवाज आला. नेलिदाला अंगावरून वारा गेल्यासारखं वाटलं, आणि दोन्या तेओचं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

दोन्या तेओ पाटात पडली होती. तिचा उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. पाटातलं पाणी लाल होत चाललं होतं.

पिकअप थोडं पुढं जाऊन थांबली. पांढरी पिकअप. नेलिदा धावत तिकडं गेली. काचेआड स्टिअरिंगवर इलारिओ होता, तोंड पांढरंफटक. पलीकडचं दार अर्धं उघडलं, एक पाय खाली आला. रोमुलो! त्यानं बायकोकडं पाहिलं. मग आतून कुणीतरी ओरडलं, पाय आत गेला, दार लागलं, आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

इस्पितळात हवालदारानं विचारलं, "गाडी पाहिलीत का, सेन्योरा?"

नेलिदाच्या कपड्यांवरचं रक्त अजून वाळलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांपुढं तो अर्धा उतरलेला पाय आला, वखार आली, ब्रिसाची शाळा आली.

"नाही," ती म्हणाली. "नीट उजाडलं नव्हतं."

किती लहान शब्द आहे हा, "नाही"! पण त्यानं केवढं काम केलं! इलारिओ घरी निवांत झोपला, आणि त्याच्या रक्तातली दारू तासातासानं उतरत गेली.

रोमुलो घरात पलंगाच्या कडेला बसला होता. त्याच्या तोंडाला अजून बडीशेपेचा वास होता.

"तू उतरत होतास," नेलिदा म्हणाली.

"तो म्हणाला, बस आत. मी बसलो." रोमुलोनं डोकं धरलं. "जिवंत आहे ना ती?"

"पाय कापायचा म्हणतात."

तो न्हाणीत गेला आणि ओकत राहिला.

संध्याकाळी इलारिओ आणि एदुविहेस आले. हातात फळांची टोपली. "कोमाद्रे, मी काही मुद्दाम केलं का?" इलारिओ रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "तिचा सगळा खर्च मी बघतो. देवाशपथ! पण आपल्या माणसाला कुणी तुरुंगात घालतं का?"

"आणि त्या वयाच्या बाईनं पहाटे रस्त्यावर पळायचं कशाला?" एदुविहेसनं पुस्ती जोडली. "घरात बसून जपमाळ ओढली असती, तर आज दोन्ही पाय शाबूत असते."

नेलिदानं फळं ठेवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून हेच बोलणं तिला सगळीकडं ऐकू यायला लागलं. दुकानात चष्मा बदलायला आलेला म्हातारा म्हणाला, पळणाऱ्या बायकांनी रस्ते अडवलेत. बेकरीत कुणी म्हणालं, देवानं चालायला पाय दिले, पळायला नाही. गाडीवाल्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. जणू गाडी आपली आपणच आली होती!

चौथ्या दिवशी दोन्या तेओ शुद्धीवर आली. चादर उजव्या बाजूला मांडीच्या मध्यापासून सपाट झाली होती. नेलिदा खाटेशी बसली. तिला वाटलं होतं, आपल्याला काही बोलता येणार नाही. पण सगळं भडाभडा बाहेर आलं: इलारिओ, रोमुलो, हवालदाराला सांगितलेलं खोटं.

दोन्या तेओनं पाणी मागितलं. प्यायली.

"मला शिव्या द्या," नेलिदा म्हणाली. "थोबाडीत मारा. काहीतरी करा!"

"त्यानं पाय उगवतो का?" दोन्या तेओचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पोलिसांना सांग."

"तो ब्रिसाचा धर्मपिता आहे. आणि रोमुलोचं काम... तुमच्यासाठी मी काहीही करीन हो, पण..."

"माझ्यासाठी मुळीच सांगू नकोस. माझा रविवार होऊन गेला. तू पुढच्या रविवारसाठी सांग. इलारिओ पुन्हा पिणार, पुन्हा बसणार, आणि त्या रस्त्यावर कुणीतरी असणारच. कुणी पळत असेल, कुणी दूध घेऊन चाललं असेल. उद्या ब्रिसा असेल!"

"पण चूक त्याची एकट्याची आणि शिक्षा आमच्या सगळ्या घराला!"

"एकट्याची?" म्हातारीनं मान वळवली. "त्याला ग्लास भरून देणारे कोण? त्याच्या विनोदाला हसणारे कोण? शेजारी बसणारा कोण? आणि आता तोंड शिवून बसणारी कोण? अगं, ती गाडी तुम्ही सगळे मिळून चालवत होता." ती दमली. "मीसुद्धा! त्या वाढदिवसाला मी मोठ्या दिमाखात चालत निघून गेले. वाटलं, मी बसले नाही म्हणजे मी सुटले. चावी हिसकावून घ्यायचं माझ्या मनात आलं होतं, पोरी. पण म्हटलं, चारचौघांत तमाशा कशाला? चार शिव्या पडतील, म्हणून भ्याले. आज हा पाय बघ, आणि सांग, काय स्वस्त पडलं असतं?"

नेलिदा उठली. तिथूनच तिनं रोमुलोला फोन केला. "मी चौकीवर चाललेय. तुझंही नाव सांगणार आहे."

"वेड लागलंय तुला? खायचं काय आपण? मुलीच्या धर्मबापाला बेड्या घालायला लावणार तू?"

"तू ये, नाहीतर नको येऊस. मी चालले."

तो आला नाही. त्या रात्री त्यानं कपडे भरले आणि आईच्या घरी निघून गेला. चौकीवरच्या अधिकाऱ्यानं नेलिदाचं सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "सेन्योरा, हे त्याच दिवशी सांगायचं होतं. आता रक्त तपासून काय निघणार? दारू तर कधीच उतरली."

हे वाक्य नेलिदाच्या काळजात काट्यासारखं रुतलं, ते आजही रुतलेलं आहे.

पुढं जे झालं ते सांगायला जड जातं, पण सांगितलंच पाहिजे. महिना उलटायच्या आत दोन्या तेओच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. कुबड्यांवर पहिली पावलं टाकायच्या आधीच ती गेली. दफनाला अख्खी गल्ली आली. इलारिओनं मोठं पुष्पचक्र पाठवलं होतं, ते नेलिदानं परत पाठवलं. त्यावरून एदुविहेस भर रस्त्यात तिच्या अंगावर थुंकली.

खटला उभा राहिला. दोन्या तेओच्या बाजूनं बोलायला एकटी नेलिदा होती. इलारिओचा वकील म्हणाला, "ही बाई आधी म्हणते दिसलं नाही, आता म्हणते दिसलं. कोणतं खरं मानायचं?" तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उभं राहिलं. रोमुलो! दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"दुसरं खरं आहे साहेब. मी सांगतो," तो म्हणाला. त्याला पुढं बोलावलं, शपथ दिली. "मी त्याच्या शेजारी बसलो होतो. आम्ही रात्रभर पीत होतो. गाडी बाईंना लागली, हे आम्हाला कळलं होतं. मी उतरत होतो. उतरलो नाही."

इलारिओनं मान खाली घातली आणि शेवटपर्यंत वर केली नाही.

शिक्षा झाली. पण दारू किती प्यायला होता हे सिद्ध होईना, म्हणून ती हलकी झाली. गाडी चालवायचा परवाना गेला, तुरुंग टळला. नेलिदाच्या त्या चार दिवसांच्या मौनानं त्याला वाचवलं. न्याय मिळाला असं कुणाला वाटायचं असेल तर वाटो, नेलिदाला वाटत नाही.

लिमाची मॅरेथॉन ती धावली. जिथं बोलायला शेजारी कुणी नव्हतं, तिथं ती स्वतःशी बोलत धावली. शेवटी शेवटी तर चाललीच. आभाळ राखेच्या रंगाचं होतं. गाड्यांना त्या सकाळी रस्ते बंद केले होते, चौकाचौकात अडथळे लावले होते. तिच्या मनात आलं, माणसाला निर्धास्त चालता यावं म्हणून शहराला किती बंदोबस्त करावा लागतो! तोही एका सकाळपुरता. शेवटची रेघ ओलांडल्यावर गळ्यात पदक पडलं, तेव्हा ती रस्त्यावरच मटकन बसली आणि हमसून हमसून रडली.

रोमुलो आता बाजारात बटाट्याची पोती वाहतो. घरी परतलाय. दोघांमध्ये अजून पूर्वीसारखं बोलणं नाही, कदाचित कधी होणारही नाही. पण परवा त्याच्या बहिणीकडं बाप्तिस्म्याचं जेवण होतं. संध्याकाळी त्याचा मेहुणा तर्र होऊन उठला आणि खिसे चाचपू लागला. रोमुलोनं त्याच्या आधीच टेबलावरची चावी उचलली.

"दे इकडं!"

"नाही देत. टॅक्सी बोलावतो."

"मोठा संत लागून गेलास! स्वतःच्या कोंपाद्रेला विकलंस, आता मला शिकवतोस? थू तुझ्या जिनगानीवर!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. बहीण म्हणाली, "जाऊ दे ना दादा, चारचौघांत कशाला तमाशा!" रोमुलोचे कान लाल झाले, पण मूठ उघडली नाही. नेलिदा उठली आणि त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मग ब्रिसा. मेहुणा बराच वेळ आय-माय काढत राहिला आणि शेवटी कोचावर आडवा झाला.

मंडळी, आपण सगळेच अशा जेवणांना जातो. मी प्यालेलो नाही, मी त्या गाडीत बसलो नाही, एवढ्यावर आपली सुटका होत नाही. आपला मित्र, भाऊ, साहेब, कोंपाद्रे, कुणीही असो, प्यायलेला माणूस उठला की त्याच्या आधी उठा. तो चिडेल, नातं तोडेल, सगळ्यांदेखत पाणउतारा करील. करू द्या. शिव्या खा, पण चावी घ्या. शिव्यांनी कुणाचा पाय तुटत नाही.