निनांगला नाही म्हणताना

जोव्हेलिनच्या फॉर्मवर एकच ओळ रिकामी होती, सुपरवायझरचं नाव. नवख्या समुपदेशकानं दर आठवड्याला कुणा अनुभवी माणसासमोर बसायचं, आपल्याकडे येणाऱ्यांबद्दल बोलायचं आणि चुकलं असेल तर चुकलं म्हणायचं, असा नियम. इलोइलो शहरातल्या त्या छोट्या समुपदेशन केंद्रात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं डोळे मिटून मॅम इस्त्रेल्लांचं नाव सांगितलं असतं.

मॅमनीच तिला कॉलेजात शिकवलं, मॅमनीच नोकरीला लावलं. आणि लेकीच्या बाप्तिस्म्याला जोव्हेलिननं आपण होऊन त्यांना निनांग केलं, लेकराची धर्ममाता. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. कुणातरी मोठ्या माणसाचा हात पोरीच्या डोक्यावर असावा, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं.

"तुझं बरंय," सोबत काम करणारा दोदोंग म्हणाला. "आम्ही चुकलो की बोलणी, तू चुकलीस की वाटीभर सूप."

ती हसली खरी, पण तेवढ्यापुरतीच. कारण चूक झाली होती.

गेल्या आठवड्यात एक बाई आली होती, तान्ह्या बाळाची आई. म्हणाली, "बाळ रडायला लागलं की मी दार ओढून घेते आणि जिन्यात जाऊन बसते. परत आत जावंसंच वाटत नाही." इथं थांबायला हवं होतं, पुढं विचारायला हवं होतं. जोव्हेलिननं मात्र झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं आणि दहा मिनिटं आधीच बाईंना निरोप दिला. कारण एका दुपारी तीही न्हाणीघरात बसली होती. लेकीचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडून.

ती बाई शुक्रवारी परत येणार होती. त्याआधी हे कुणापाशी तरी बोलायलाच हवं होतं.

रविवारी ती मॅमकडे जेवायला गेली. मॅमनी पोरीला मांडीवर घेतलं, भाताचं एक एक शीत भरवायला लागल्या.

"फॉर्म आणलास ना, इंदाय?" लाडात आल्या की मॅम तिला इंदाय म्हणायच्या, पोरी म्हणावं तसं.

"आणलाय, मॅम. ती जिन्यात बसणारी बाई..."

"नोंद वाचली मी तुझी." मॅमनी पोरीच्या कपाळाचा मुका घेतला. "असं पिल्लू टाकून जिन्यात कसं गं बसवत असेल एखादीला? आणि ही बघ तुझी आई. एकटीनं सगळं करते, पण कधी कुरकुर नाही."

केंद्रातल्या खुर्चीत बसून मॅम असं कधीच बोलल्या नसत्या. पण इथं त्या निनांग होत्या, आणि त्यांना तसं करून ठेवलं होतं जोव्हेलिननंच. न्हाणीघराचं जिभेवर आलेलं तिनं गिळलं आणि आदल्या दिवशीच करून ठेवलेलं सांगून टाकलं.

"मॅम, मी बाकोलोदच्या मॅम थेल्मांना विचारलंय. सुपरवायझर म्हणून."

मॅमचा हात ताटातच राहिला. "ती थेल्मा? ती तर ओळखीच्या माणसाकडे बघूनही हसत नाही."

"हो, मॅम."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. तुम्ही फार जवळच्या आहात."

"म्हणून बोटीत बसून परक्याकडे जायचं. बरं."

त्या घरातून कुणी रिकाम्या हातानं जात नसे. उरलेलं काही ना काही मॅम पानात बांधून द्यायच्याच. त्या दिवशी त्यांनी फक्त पोरगी परत दिली आणि ताटं उचलायला लागल्या.

बुधवारी पोरीला शेजारणीकडे ठेवून जोव्हेलिन पहिल्या बोटीनं समुद्रापलीकडे बाकोलोदला गेली. थेल्मांच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक पंखा होता. प्रवास कसा झाला हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

"दहा मिनिटं आधी का संपवलंत?"

"मला आठ महिन्यांची मुलगी आहे," जोव्हेलिन म्हणाली आणि थांबली. असू दे गं, होतं असं, एवढं कुणी म्हणावं म्हणून ती वाट पाहत राहिली. पंखा फिरत होता.

मग तिनं सांगितलं. नळाचं, दुपारचं, सगळं.

"किती वेळ बसला होतात?"

"माहीत नाही."

"पुन्हा तसं झालं?"

"दोनदा."

थेल्मांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "तुम्ही हे सांगितलंत, आता त्या बाईंनाही पुढचं विचारता येईल. पण तुम्हाला स्वतःसाठीही कुणीतरी लागेल. ती मी नाही. नाव देते." त्यांनी कागदावर एक नाव नि नंबर लिहिला. "मुलगी आत्ता कुणापाशी आहे?"

"शेजारणीपाशी."

"पुढच्या बुधवारी याच वेळी या."

परतीच्या बोटीत खिडकीशी जागा मिळाली. दर बुधवारी दुपारी ती मॅमना पोरीचा फोटो पाठवायची आणि लगेच उत्तर यायचं. तिनं फोन काढला. फोटो निवडला, बराच वेळ बघितला आणि पाठवला नाही. छातीवरचं ओझं खरंच हलकं झालं होतं. पण हे मॅमना सोडून सांगावं तरी कुणाला? शेजारी एक म्हातारी तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत जोव्हेलिन तिच्याकडेच बघत राहिली.